ट्रेलरचा हब उतरवताना

हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग. चाक उचलण्याआधी दुसऱ्या बाजूच्या चाकाला ओट (घरंगळू नये म्हणून ठोकळा) लावा, चाकाचे नट ढिले करा, मग जॅक. आणि खाली स्टँड हवाच. डस्ट कॅप (हबचं झाकण), स्प्लिट पिन (नट अडवणारी दुमडती पिन), अ‍ॅक्सलचा नट, वॉशर काढले की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. हबसोबतचा ब्रेकचा ड्रम अडला तर हातोडा नको, आधी ब्रेकचा अ‍ॅडजस्टर ढिला करा.

बेअरिंग केरोसिनमध्ये धुऊन मी एकेक रोलर उजेडात फिरवून बघतो. निळसर झाक म्हणजे ते तापलंय; बारीक खड्डा नखाला लागला तरी कपासकट (बाहेरच्या कड्यासकट) बदलतो. ब्रेकच्या लायनरवर ग्रीस दिसलं तर ग्रीस अडवणारं सील गेलंय. ड्रमची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. बसवताना सील आणि स्प्लिट पिन नवीनच.