मुंबईतल्या गाजलेल्या खटल्यांवर लिहिताय? या चुका टाळा

लालबाग-परळ-गिरगावातल्या मंडळांत गणपतीच्या देखाव्याचा विषय ठरायला लागला की टिळकांचा खटला हमखास पुढे येतो. एक ऑगस्टच्या आसपास शाळाशाळांत वक्तृत्व स्पर्धा असतात. आता त्यात यूट्यूबवरच्या दहा मिनिटांच्या ‘इतिहासा’ची भर पडली आहे. सगळ्यांनाच कोर्टातला एक दणदणीत प्रसंग हवा असतो, आणि संहिता बहुतेक वेळा मोबाइलवर फिरत आलेल्या मजकुरातून उचललेली असते.

अशा मजकुरात तारखा चुकतात, नावं चुकतात, ते एक वेळ दुरुस्त करता येतं. पण मूळ दुखणं वेगळं आहे. खटला कोण जिंकलं एवढंच सांगितलं जातं. कोर्टाने कोणत्या कारणाने निकाल दिला हे कुणी पाहतच नाही. या दोन गोष्टी पुष्कळदा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला असतात. खालची बहुतेक उदाहरणं त्याचीच आहेत.

टिळकांचे तीन खटले एकात कोंबणे

टिळकांवर राजद्रोहाच्या आरोपावरून तीनदा कारवाई झाली: १८९७, १९०८ आणि १९१६. देखाव्यात मात्र एकच खटला असतो. त्यात टिळक पिंजऱ्यात उभे राहून ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ अशी गर्जना करतात, बॅरिस्टर जिना त्यांचा बचाव करतात आणि शेवटी त्यांना अंदमानला पाठवतात. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

स्वराज्याची घोषणा १९१६ नंतरच्या होमरूल चळवळीतली. १९०८ च्या जुलैत न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यासमोर टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली, तीही इंग्रजीत. दोषी ठरल्यावर ते जे बोलले त्याचा आशय असा: ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणारी याहून मोठी शक्ती आहे, आणि मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या यातनांमुळेच कार्य पुढे जावं अशी कदाचित तिची इच्छा असेल. मुंबई उच्च न्यायालयात ज्या दालनात हा खटला चालला, तिथे हे शब्द कोरलेली शिला आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तिचं अनावरण केलं. ज्या उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, त्यानेच आरोपीचे शब्द भिंतीवर लावले. देखाव्याला याहून नाट्यमय काय हवं? पण ते सोडून आपण दुसऱ्याच सालातली घोषणा आणून चिकटवतो.

जिनांचं म्हणाल तर १९०८ मध्ये त्यांनी जामिनासाठी अर्ज चालवला, तो फेटाळला गेला. मुख्य खटला त्यांनी लढवलेला नाही. त्यांचं यश १९१६ मधलं आहे. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जातमुचलका मागितला होता. तो हुकूम जिनांनी उच्च न्यायालयात रद्द करवून घेतला.

दावरांबाबत तर उलटीच गंमत आहे. १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींसमोर युक्तिवाद करणारे बॅरिस्टर हेच दावर होते, आणि तो जामीन मिळालाही. अकरा वर्षांनी ते स्वतः न्यायासनावर बसले आणि सहा वर्षांची शिक्षा दिली. दावरांना नुसता खलनायक करून टाकलं की हा पेच हातचा जातो.

ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, कौल सात विरुद्ध दोन असा आला. टिळकांची रवानगी अंदमानला नाही, मंडालेला झाली. आणि गिरणगावात देखावा करणार असाल तर गिरणी कामगारांचा संप विसरू नका: सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप, वर्षाला एक दिवस या हिशेबाने.

इमारत आणि कोर्ट यांची गल्लत

१८६२ चा महाराज बदनामी खटला आता पुन्हा चर्चेत असतो. पत्रकार करसनदास मुळजी यांनी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या वर्तनावर लिहिलं, जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. साक्षीदारांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. हा खटला ‘मुंबई हायकोर्टात’ चालला असं सर्रास लिहिलं जातं, सोबत ओव्हल मैदानासमोरच्या गॉथिक इमारतीचा फोटो. हायकोर्ट सुरू झालं १४ ऑगस्ट १८६२ ला, आणि निकाल लागला त्याआधी, एप्रिलमध्ये. खटला चालला तो ‘सुप्रीम कोर्टा’त, म्हणजे कंपनीच्या काळात मुंबईत स्थापन झालेल्या सुप्रीम कोर्टात. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाशी त्याचा संबंध नाही. ओव्हलसमोरची इमारत तर १८७८ मध्ये पुरी झाली. कोर्टाचं नाव आणि फोटो बदला, बाकी ठीक आहे.

रखमाबाईंना राणीने सोडवलं, असं सांगणे

सगळ्यात जास्त चुका याच खटल्याबद्दल होतात. इथे जरा सावकाश जाऊ या.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे मुंबईतच राहिल्या, शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोला नांदायला पाठवा म्हणून हायकोर्टात दावा लावला. आजचे लेख याला सरळ ‘घटस्फोटाचा पहिला खटला’ म्हणतात. रखमाबाईंनी घटस्फोट मागितलाच नव्हता, मागायची सोयही नव्हती. दावा नवऱ्याचा होता, आणि त्या म्हणत होत्या एवढंच की मी जाणार नाही.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यांचा मुद्दा असा की हे दोघं कधी एकत्र राहिलेलेच नाहीत, तर ‘पुन्हा’ नांदवण्याचा प्रश्न येतो कुठे? अनेक मजकूर इथेच थांबतात आणि टाळ्या घेतात. पण १८८६ मध्ये अपिलात हा निकाल उलटला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

मग काय झालं? मोबाइलवरच्या गोष्टीत इथे व्हिक्टोरिया राणी येते आणि लग्न रद्द करून टाकते. लोक हे इतक्या खात्रीने सांगतात की खोडायला जीवावर येतं. प्रत्यक्षात जुलै १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकमाची अंमलबजावणी न करण्याचं मान्य केलं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने रखमाबाई खटला हरल्या होत्या, आणि लग्न कोणत्याही न्यायालयाने किंवा राणीने मोडलं नव्हतं. राणीची गोष्ट गोड आहे, पण ती सांगितली की जयंतीबाईंच्या घराने आणि खुद्द रखमाबाईंनी चार वर्षं सोसलेलं सगळं लंडनच्या उपकारात जमा होतं.

दुसरी चूक म्हणजे या खटल्याला ‘हिंदू परंपरा विरुद्ध इंग्रजी न्याय’ असा सोपा साचा लावणे. बायकोला कोर्टाच्या हुकमाने नांदायला पाठवण्याचा हा उपाय मुळात इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून इथे आला. खुद्द इंग्लंडमध्ये असा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ मध्येच काढून टाकली होती. तरी मुंबईत त्याच इंग्रजी आयुधाच्या बाजूने धर्मरक्षक उभे राहिले. ‘केसरी’ने रखमाबाईंच्या विरोधात लिहिलं. टिळकांच्या देखाव्यात हे येणार नाही हे समजू शकतं. पण रखमाबाईंवरच्या लेखातून ते गाळणं म्हणजे अर्धा खटला गाळणं.

तिसरी चूक कायद्याची. ‘या खटल्यामुळे मुलींचं लग्नाचं वय वाढलं’ असं लिहू नका. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने लग्नाच्या वयाला हातच लावला नाही. शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेलं, एवढंच. त्यामागे बेहरामजी मलबारींची मोहीम होती, रखमाबाईंच्या खटल्याने उठलेला वाद होता आणि कलकत्त्यातल्या फुलमणी या कोवळ्या मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीने झालेला मृत्यूही होता. लग्नाचं किमान वय आलं १९२९ च्या शारदा कायद्यात: मुलीला १४, मुलाला १८.

आणि ‘पहिल्या भारतीय महिला डॉक्टर’ हे बिरुद? आनंदीबाई जोशींना पदवी मिळाली १८८६ मध्ये. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलीही त्याच काळातल्या. रखमाबाई लंडनला शिकून १८९४ मध्ये पात्र झाल्या. आनंदीबाई १८८७ मध्ये, वैद्यकी सुरू करण्याआधीच गेल्या. रखमाबाईंनी सुरत आणि राजकोटला कितीतरी वर्षं रुग्णालयं सांभाळली. सुरुवातीच्या प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक, असं म्हणा. तेवढं पुरेसं मोठं आहे.

दादाजींनी वापरलेला उपाय इतिहासजमा झाला असंही समजू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आहे. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते टिकवून धरलं. तुरुंग मात्र आता नाही.

महाडचा निकाल वाचायच्या आधीच त्याचा अर्थ ठरवणे

चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, मनुस्मृतीचं दहन त्याच वर्षी २५ डिसेंबरला. नऊ महिन्यांचं हे अंतर भाषणांत बऱ्याचदा गायब होतं. ते गायब झालं की मधला कोर्टाचा भागही जातो. सवर्णांनी डिसेंबरमध्ये महाडच्या कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला, आणि बाबासाहेबांनी तो न मोडता दुसऱ्यांदा तळ्यावर जाण्याचं तहकूब केलं. जमलेला समुदाय पेटलेला असताना घेतलेला हा निर्णय होता. वकील आंबेडकर आणि चळवळीतले आंबेडकर एकाच जागी पाहायचे असतील तर तो दिवस बघावा.

दावा महाडहून ठाण्याला आणि तिथून मुंबईला गेला. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने सवर्णांचं अपील फेटाळलं. ‘कोर्टाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली’ असं यावर लिहिलं जातं. तसं नाही. फिर्यादींना अस्पृश्यांना तळ्यावरून दूर ठेवण्याची रूढी अतिप्राचीन असल्याचं सिद्ध करायचं होतं, ते त्यांना जमलं नाही. निकाल त्या पुराव्याच्या अभावावर उभा आहे. म्हणजे पुरावा भक्कम असता तर? हा अस्वस्थ करणारा प्रश्न वाचकासमोर ठेवा. अस्पृश्यता नष्ट केल्याचं राज्यघटनेच्या कलम १७ ने सांगितलं, १९५० मध्ये. योगायोग असा की हा निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच.

नानावटी आणि ज्युरी

थोडक्यात. १९५९ च्या नानावटी खटल्यात पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटींना ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. ‘या खटल्यामुळे देशातली ज्युरी पद्धत बंद झाली’ हे वाक्य गाळा. ज्युरी रद्द करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे गोळ्या सुटण्याआधी केली होती. फौजदारी खटल्यांतून ती पुरती गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. आणि पारशी विवाहांच्या खटल्यांत ज्युरीसारखे प्रतिनिधी अजूनही बसतात.

‘हक्क मान्य’ म्हणजे ‘मागणी मान्य’ असं समजणे

मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल स्पर्धापरीक्षेच्या प्रत्येक वहीत आहे: उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग. बरोबर. पण वहीत पुढचं नसतं. पदपथावर झोपडी ठेवण्याचा हक्क न्यायालयाने दिला नाही. महापालिकेचा झोपड्या हटवण्याचा अधिकार वैध ठरवला. फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितलं आणि १९७६ च्या गणनेतली ओळखपत्रं असलेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं. तत्त्व जिंकलं, झोपडी गेली.

अरुणा शानबाग प्रकरणातही हाच घोळ. हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अचेत पडून असलेल्या केईएममधल्या या परिचारिकेला २०११ मध्ये ‘इच्छामरण मंजूर झालं’ असं अजून ऐकू येतं. याचिका फेटाळली गेली होती. त्याच निकालात न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याला, काही अटींवर वाट करून दिली, आणि केईएमच्या परिचारिका २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत त्यांची सेवा करत राहिल्या.

तपासायचं कसं

निकाल वाचायला वकील असावं लागत नाही. आधी शेवटचं पान वाचा, तिथे हुकूम असतो; मग कारणं असलेला भाग. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इंटरनेटवर फुकट मिळतात. जुन्या मुंबई खटल्यांसाठी ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई मालिका आणि १८९९ पासूनचा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ धुंडाळा. शोधताना फिर्यादीचं नाव आधी टाका: रखमाबाईंचा खटला दादाजी भिकाजींच्या नावाने लागतो, तर महाडचा नरहरी दामोदर वैद्य यांच्या नावाने, ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या ३९ व्या खंडात. ‘आंबेडकर’ आधी टाकून शोधलंत तर महाड हाती लागायला वेळ लागेल. नावांची इंग्रजी स्पेलिंगंही त्या काळची असतात, दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहा.

संहिता तयार झाली की तिच्यातल्या प्रत्येक अवतरणासमोर पेन्सिलीने साल आणि जागा लिहा. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही, ते पात्राच्या तोंडी घालू नका. निवेदकाला सांगू द्या.