लसूणघासाला पाणी कसं द्यायचं: सारे, तुषार की जमिनीखालचं ठिबक, उन्हाळ्याआधी ठरवून टाका

थंडी ओसरायला लागली की लसूणघास एकदम जोर धरतो, आणि तेव्हाच लोकांची विचारपूस सुरू होते, ठिबक टाकू का तुषार घेऊ, का आहेत ते सारेच (छोट्या बांधांमधल्या लांब पट्ट्या, ज्यांत पाणी सोडून रान भिजवतात) राहू देऊ. माझं म्हणणं असं की पाइपांचं कोटेशन मागवायच्या आधी दोन गोष्टी बघा, एक म्हणजे तुमची जमीन किती खोल आणि कसली, आणि दुसरी, जिच्याकडे कुणी बघतच नाही, तुम्ही घास कापता कसा. रोज थोडा थोडा हिरवा कापून आणता की सगळं रान एकदम आडवं करून वाळवता, यावर अर्धा निर्णय तिथंच होऊन जातो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. "अमुक पद्धतीत निम्म्या पाण्यात तेवढाच चारा" असं कुणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. घासाचं उत्पादन आणि पानांवाटे उडणारं पाणी हे बऱ्यापैकी सरळ प्रमाणात चालतं, एक टन वाळका चारा तयार व्हायला ढोबळमानाने ५ ते ६ लाख लिटर पाणी लागतंच, झाडाच्या तोंडचं पाणी काढलं की चारा त्या मानानं कमी होणारच. मग पद्धत बदलून वाचतं काय? तर जे पाणी मुळांच्या खाली निघून जातं, जे रानाच्या टोकाला तुंबतं, जे वाऱ्यानं उडतं, तेवढंच. साऱ्यानं दिलेल्या १०० लिटरपैकी ६० च्या आसपास पिकाला मिळतात, तुषारनं ७५ आणि ठिबकनं ९० असं धरून चालतात. पण हे सरासरीचे आकडे झाले, नीट लेव्हल केलेल्या रानात सारेसुद्धा ७५ च्या वर जातात आणि फिल्टर न धुतलेलं ठिबक पार खाली येतं.

आता कापणीचं बघा. नुकत्याच कापलेल्या घासाला पानंच नसतात, त्यामुळं त्याची पाण्याची गरज कापणीला आलेल्या घासाच्या साधारण एक तृतीयांश असते. कडक उन्हाळ्यात कापलेल्या तुकड्याला दिवसाला ३ मिमीच्या आतबाहेर आणि गुडघ्याच्या वर गेलेल्या तुकड्याला ८ मिमीच्या पुढं लागतं, म्हणजे एकराच्या हिशोबात एकीकडं ११-१२ हजार लिटर आणि दुसरीकडं ३४ हजार, एकाच दिवशी, एकाच रानात! जे लोक रोज एकेक सारा कापत पुढं सरकतात त्यांच्या रानात या सगळ्या अवस्था एका वेळी उभ्या असतात आणि तरी एकच व्हॉल्व उघडून सगळ्याला सारखं पाणी जातं, मग कापलेला भाग चिखलात आणि वाढलेला तहानलेला. तुमची पद्धत कुठलीही असो, व्हॉल्व कापणीच्या क्रमाप्रमाणे पाडून घ्या, ४-५ भाग केले तरी पुष्कळ झालं. माझ्या मते यात जेवढं पाणी वाचतं तेवढं नुसती पद्धत बदलून पण कधी कधी वाचत नाही, आणि खर्च फक्त दोन-चार व्हॉल्वचा.

रोज हिरवा कापणाऱ्याला म्हणूनच सारे काही वाईट नाहीत, एकेक सारा वेगळा भिजवता येतो हा त्यांचा मोठा फायदा. फक्त ते नीट पाहिजेत. आडवा उतार अजिबात नको, नाहीतर पाणी एका कडेनं पळतं आणि दुसरी कड कोरडी राहते. हलक्या जमिनीत सारा आखूड ठेवा, कारण पाणी शेवटापर्यंत पोचेपर्यंत तोंडाशी नुसतं खाली मुरत बसतं. भारी जमिनीत लांब चालतो पण तिथं पाणी शेवटाला पोचायची वाट बघू नका, तीन चतुर्थांश लांबी भिजली की दारं मोडा, म्हणजे पाणी पुढच्या साऱ्यात वळवा, आधीच्यात उरलेलं पाणी ओघानं पुढं जातंच. हे एक जमलं तरी टोकाचं तुंबणं बरंच कमी होतं. तुंबणं मी परत परत का म्हणतोय, कारण घासाला ओल आवडते पण उभं पाणी नाही, आणि उन्हाच्या दिवसात तर कापल्या कापल्या पाणी दिलं आणि ते दुपारभर साचून राहिलं की मुळं गुदमरून झाडं बसतात, नंतर त्या जागी टक्कल पडतं आणि तिथं तण येतं. साऱ्याचा अजून एक तोटा, अमरवेल, म्हणजे घासाला गुंडाळून त्याच्यावरच जगणारी पिवळी वेल. एका साऱ्यात ती बीजावर आली की तिचं बी पाण्याबरोबर पुढच्या साऱ्यांत जातं, तेव्हा दिसली की घासासकट कापून जाळून टाका आणि मगच पाणी सोडा.

तुषारचं खरं काम पेरणीनंतर दिसतं. बी बारीक, वर वरच पेरलेलं, पाटाच्या पाण्यानं ते वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं आणि वर पपडी धरते. तुषारनं हलकं हलकं पाणी दिलं की उगवण एकसारखी येते, त्यामुळं पुढं सारे ठेवणार असाल किंवा ठिबक टाकणार असाल तरी पहिले ३-४ आठवडे तुषार मिळाला तर सोनं. रेताड आणि उंचसखल जमिनीत तर कायमच तुषार बरा. पण भारी काळ्या जमिनीत जरा सांभाळून, हिशोब करून बघा: तुषारची डोकी (पाणी फवारणारी तोंडं) १२ बाय १२ मीटरवर आणि एका डोक्यातून तासाला १४०० लिटर पडत असेल तर तासाला जवळपास १० मिमी पाऊस पडतो, आणि भारी चिकणमाती तासाला १ ते ५ मिमीच जिरवते. बाकीचं वाहून जाणार. तिथं छोटं नोजल लावा नाहीतर थांबून थांबून चालवा.

तुषार वापरणाऱ्यांनी एकदा डब्यांची चाचणी कराच. सारख्या तोंडाचे दहा-बारा रिकामे डबे चार डोक्यांच्या मधल्या चौकोनात ठेवा, तासभर चालवा आणि पट्टीनं मोजा. एका डब्यात १२ मिमी आणि दुसऱ्यात ५ मिमी असेल तर ५ वाल्याला पुरेल म्हणून तुम्ही जास्त वेळ चालवता आणि १२ वाल्याचं पाणी खाली जातं, सगळी बचत तिथंच संपली. कारणं बहुतेक वेळा साधी असतात, झिजलेलं नोजल, कमी प्रेशर, वाकडा राईझर (डोक्याखालचा उभा पाइप), नाहीतर वारा. वाऱ्याच्या दुपारी चालवायचंच नाही, रात्री किंवा पहाटे चालवा. आणि राईझर उंच घ्या, घास कापणीला येईपर्यंत ६०-७० सेंमी होतो, डोकं घासातच बुडालं तर पाणी तिथल्या तिथंच पडतं. पाणी खारट असेल तर तुषारनं पानांच्या कडा जळतात, तिथं सारे नाहीतर ठिबकच बरं.

ठिबकचं म्हणाल तर वर अंथरलेल्या नळ्या घासात मला तरी पटत नाहीत. दर महिन्याला विळा किंवा मशीन फिरणार, नळी कापली जाणार, नाहीतर दर वेळी गुंडाळा आणि परत पसरा. करायचं तर जमिनीखाली, २० ते ३० सेंमी खोल, हलक्या जमिनीत नळ्यांत ६०-७५ सेंमी अंतर आणि भारीत ९० ते १०० पर्यंत चालतं. फायदा खरंच मोठा आहे, वरची माती कोरडी राहते म्हणून तण कमी, आणि मुख्य म्हणजे कापणीच्या आदल्या दिवसापर्यंत आणि कापल्यावर लगेच पाणी देता येतं, चारा वर वाळत पडलेला असला तरी खाली मुळांना ओल चालू. एकदम कापून वाळवणाऱ्याला याच्यासारखं काही नाही.

पण जमिनीखालचं ठिबक टाकून विसरून जाणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये. उंदीर-घुशी नळ्या कुरतडतात आणि ते कळतं कधी, तर मधेच एखादा गोल पट्टा गच्च ओला दिसायला लागला की. मोटर बंद झाली की नळीत पोकळी होऊन ड्रिपरमधून (नळीतल्या पाणी ठिबकणाऱ्या बारीक तोंडांतून) चिखल आत ओढला जातो, म्हणून उंच जागी एअर व्हॉल्व लागतोच लागतो. ओलीच्या मागं मुळं ड्रिपरात शिरतात, तेव्हा पिकाला फार ताण देऊन नळीभोवती कोरडं पाडू नका. शेवटची टोकं उघडून नळ्या धुवायच्या, ॲसिड ट्रीटमेंट करायची, आणि रोज मीटर बघायचा, खाली काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, नेहमीपेक्षा जास्त पाणी जातंय म्हणजे कुठंतरी फुटलंय आणि कमी जातंय म्हणजे तुंबलंय. घास ३-४ वर्षं ठेवणार असाल तरच हा खर्च करा.

आता किती दिवसांनी पाणी द्यायचं ते. एक मीटर खोल मध्यम जमीन पिकाला घेता येईल असं साधारण १५० मिमी पाणी धरते, त्यातलं निम्मं संपलं की पाळी द्यायची, म्हणजे ७५ मिमी. दिवसाला ८ मिमी जात असेल तर नऊ-दहा दिवस. रेताड जमिनीत हाच आकडा ३५ मिमीवर येतो, चार दिवसांत पाणी लागतं. आणि खाली दीड फुटावर मुरूम लागत असेल तर जमीन कितीही काळीभोर असो, दिवस निम्म्यावर आणा, घासाची मुळं खोल जातात हे खरं पण मुरमात ती काय करणार.

मोटरचे तास असे काढा, १ एकरात १ मिमी म्हणजे ४ हजार लिटर. ४५ मिमी भरून काढायचंय आणि मोटर सेकंदाला ५ लिटर देते, म्हणजे तासाला १८ हजार, तर वाया जाणारं पाणी वरच्या ६०-७५-९० च्या हिशोबात धरून एकराला साऱ्यानं साधारण १७ तास, तुषारनं साडेतेरा आणि ठिबकनं सव्वाअकरा. लाइट किती तास असते ते तुम्हाला माहितीच आहे, त्यावरून एका पाळीत किती रान निघेल ते बघा. आकड्यांचा कंटाळा असेल तर एक लोखंडी सळई घ्या, पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी रानात खुपसा, ओल आहे तिथपर्यंत ती सहज जाते आणि कोरडं लागलं की अडते. घास स्वतःही सांगतो, तहान लागली की रंग पोपटी सोडून काळपट निळसर हिरवा होतो, सुकून माना टाकायच्या आधीच. त्या रंगाला पाणी द्या.

सारे किंवा तुषार असेल तर कापणीआधी पाणी तोडायचं, हलक्या जमिनीत दोन-तीन दिवस आणि भारीत पाच ते सात, वाफसा आल्याशिवाय (चिखल जाऊन माती बेताची ओली झाल्याशिवाय) मशीन रानात घालू नका, ओल्यात चाकं फिरली की गड्डे, म्हणजे जमिनीलगतचे बुडखे जिथून नवा फुटवा येतो, ते दबतात आणि पुढचा फुटवा विरळ येतो. वाळवायचा असेल तर चारा उचलल्यावर पाणी. हिरवा नेत असाल तर दोन-तीन दिवसांनी, कोंब डोळ्याला दिसले की.

आणि पाणी पुरणारच नाही असं आत्ताच दिसत असेल तर सगळ्या रानाला थोडं थोडं पाजत बसू नका. ऊन तापायच्या आधीच्या कापण्या पाण्याच्या मानानं सगळ्यात जास्त आणि चांगला चारा देतात, त्यांना पाणी पूर्ण द्या. भर उन्हाळ्यात खोल जमिनीतला, वर्षाच्या वरचा जुना घास असेल त्या भागाचं पाणी कापणी करून सरळ बंद करा, तो सुकल्यासारखा दिसतो पण गड्डा जिवंत राहतो आणि परत ओल मिळाली की फुटतो. नवीन पेरलेल्याला आणि रेताड रानाला हा प्रयोग करू नका, तिथं झाडं मरतात. आणि पाणी बंद केलेल्या भागात जनावरं चरायला सोडायची नाहीत, उघडे पडलेले गड्डे खुरांनी मोडले तर पावसाळ्यात तिथं घासाऐवजी तणच येईल.