एनएचएलमध्ये कायमची जागा मिळवताना तरुण फॉरवर्डने टाळायच्या चुका

एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च आइस हॉकी लीगच्या संघात नव्याने दाखल झालेला तरुण खेळाडू सुरुवातीचे काही आठवडे हॉटेलातच राहतो, आणि ज्या दिवशी महाव्यवस्थापक त्याला ‘आता भाड्याचे घर बघायला हरकत नाही’ असे सांगतात, त्या दिवशी त्याची जागा पक्की झाली असे मानण्याचा बर्फावरच्या हॉकीत जुना प्रघात आहे. काहींना तो दिवस पहिल्याच महिन्यात दिसतो, बहुतेकांना त्यासाठी दोन-तीन हंगाम वाट पाहावी लागते, आणि कित्येकांच्या वाट्याला तो येतच नाही. मागे राहिलेल्यांमध्ये कौशल्याची वानवा क्वचितच असते, कारण इथवर आलेला जवळजवळ प्रत्येक फॉरवर्ड (आघाडीचा खेळाडू) आपल्या ज्युनियर संघात गोल करणाऱ्यांच्या यादीत वरच असतो. तो स्वतःला गोल आणि असिस्ट (गोलला कारणीभूत पास) यांच्या बेरजेने, म्हणजे गुणांनी, मोजत आलेला असतो. प्रशिक्षक मात्र त्याला वेगळ्या मापाने मोजत असतो. एका गोलची आघाडी टिकवायची असताना या मुलाला बर्फावर उतरवले तर आपल्याला धास्ती वाटेल का, एवढाच त्या प्रशिक्षकाचा प्रश्न असतो. खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न ओळखल्याने होतात.

गुण वाढले की जागा मिळेल, असे धरून चालणे

एनएचएलमध्ये 32 संघ आहेत. प्रत्येक संघाला हंगामाच्या मोठ्या भागात जास्तीत जास्त 23 खेळाडू ठेवता येतात आणि सामन्याला 20 जण गणवेशात उतरतात. त्यांत साधारणपणे 12 फॉरवर्ड, म्हणजे तिघातिघांच्या चार लाइन असतात. पहिल्या दोन लाइन आणि पॉवर प्लेवरच्या (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असतानाच्या) जागा बहुधा मोठे करार असलेल्या प्रस्थापितांकडे असतात. त्यामुळे नवख्यासाठी जी जागा रिकामी होते, ती तिसऱ्या किंवा चौथ्या लाइनवरची, सामन्यामागे आठ-दहा मिनिटांची आणि पॉवर प्लेविना असते. एएचएल या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये वीस मिनिटे खेळून पॉवर प्लेवर गोल करणारा फॉरवर्ड वर येतो आणि हे नवे काम ‘तात्पुरते’ समजून अंगाबाहेर टाकतो, तिथेच पहिली ठेच लागते. कसोटीत नाइट वॉचमनकडून कोणी शतकाची अपेक्षा करत नाही, पण त्याने विकेट फेकली तर त्याला कोणी क्षमाही करत नाही. चौथ्या लाइनवरच्या नवख्याचे काम थेट तसेच आहे.

ब्रिटिश कोलंबियातील सरे येथील अर्शदीप बैन्स याची वाटचाल या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, त्याची निवड कोणत्याच संघाने केली नव्हती. 2021-22 च्या हंगामात रेड डिअर रेबेल्सकडून 112 गुण मिळवून तो डब्ल्यूएचएल या ज्युनियर लीगमध्ये अव्वल ठरला, तेव्हा एनएचएलच्या व्हँकुव्हर कॅनक्सने त्याला करारबद्ध केले. पुढे ॲबट्सफर्ड या त्यांच्या एएचएल संघात 2023-24 मध्ये त्याने 55 गुण केले, त्याच लीगच्या ऑल-स्टार सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये कोलोरॅडोविरुद्ध एनएचएलमध्ये पदार्पण केले. तिथे खेळलेला तो पंजाबी वंशाचा चौथा खेळाडू होय. मात्र वरच्या पहिल्या आठ सामन्यांत त्याच्या नावावर एकही गुण लागला नाही, आणि पहिला गोल पुढच्या हंगामात, ऑक्टोबर 2024 मध्ये आला. खाली चांगली जमलेली खेळी वर जशीच्या तशी उतरत नाही, कारण वर तेवढा वेळही मिळत नाही आणि तशा जोडीदारांबरोबर खेळायलाही मिळत नाही.

याच्या उलट उदाहरण मॅनी मल्होत्रा यांचे आहे, आणि मला ते अधिक बोलके वाटते. 1998 च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्यांना सातव्या क्रमांकावर घेतले आणि अठराव्या वर्षीच वर खेळवले. त्या पहिल्या हंगामातील 73 सामन्यांत त्यांचे आठ गोल झाले. सातव्या क्रमांकाच्या निवडीकडून लोक ज्या आकड्यांची अपेक्षा करतात, ते त्यांच्याकडून कधीच आले नाहीत. तरीही ते एनएचएलमध्ये 991 सामने खेळले, कारण स्वतःच्या गोलाजवळचा फेसऑफ (पंचाने पक, म्हणजे रबरी चकती, टाकल्यावर ती मिळवण्याची झुंज) जिंकणे आणि पेनल्टी किलमध्ये (पेनल्टीमुळे आपला खेळाडू कमी असताना) उभे राहणे ही कामे त्यांनी इतकी चोख केली की त्या क्षणी प्रशिक्षकाची नजर आपोआप त्यांच्याकडे वळे. पुढे ॲबट्सफर्डचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी 2025 मध्ये एएचएलचा कॅल्डर कप जिंकला, आणि त्या संघात बैन्सही होता.

भिंतीलगतचा पक हलक्यात घेणे

विंगरची (कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डची) खरी परीक्षा समोरच्या गोलापुढे होते असे प्रेक्षकाला वाटते. प्रत्यक्षात ती स्वतःच्या भागातील बोर्डला (मैदानाभोवतीच्या भिंतीला) लागून होते. आपला डिफेन्समन (बचावपटू) गोलामागून पक बोर्डच्या कडेने वर ढकलतो, विंगर भिंतीपाशी तो घ्यायला थांबलेला असतो, आणि त्याच वेळी प्रतिस्पर्ध्याचा डिफेन्समन निळी रेषा (संघाच्या भागाची सीमा) सोडून सरळ त्याच्या अंगावर धावून येतो. विंगरच्या हातात जेमतेम एक सेकंद असतो. नवखा खेळाडू येथे हमखास तीनपैकी एक चूक करतो: पक येण्याआधी खांद्यावरून मागे पाहून घेत नाही, घाबरून न पाहताच मध्ये पास सोडतो, किंवा ज्युनियरमध्ये जमायचे म्हणून अंगावर आलेल्याला चकवायला जातो. मध्ये सोडलेला तो पास अडवला गेला, तर प्रतिस्पर्धी आपल्या गोलरक्षकासमोर मोकळाच असतो.

जमणारा मार्ग दिसायला रुक्ष आहे. पक पोहोचण्यापूर्वी एकदा मागे बघावे, तो स्केटच्या पात्याने भिंतीपाशी अडवावा, कंबर आणि पाठ आडवी घालून तो झाकावा, आणि मग एकतर खालून वेग घेत येणाऱ्या सेंटरला (मधल्या फॉरवर्डला) छोटा पास द्यावा किंवा बोर्डवर आपटून निळ्या रेषेबाहेर काढावा. सरावानंतर सहायक प्रशिक्षकाकडून बोर्डच्या कडेने पुन्हा पुन्हा पक मारून घेणे आणि पाठीवर कोणालातरी धक्का द्यायला उभे करणे, हा यावरचा साधा उपाय आहे. तो कंटाळवाणा असल्यामुळेच बहुतेक जण त्याऐवजी आणखी पन्नास शॉट मारून घरी जातात.

हीच गोष्ट प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेवर उलट्या दिशेने घडते. समोर तीन बचावपटू रांगेत उभे असताना एकट्याने त्यांच्यातून पक नेण्याच्या नादात तो गमावला, तर आपले दोन्ही साथीदार पुढच्या दिशेने वेगात असतात आणि मागे फिरायला त्यांना वेळच उरत नाही. अशा वेळी पक खोल कोपऱ्यात टाकून त्यामागे धावणे शहाणपणाचे असते.

शिफ्ट लांबवणे

एनएचएलमधली शिफ्ट, म्हणजे एका वेळी बर्फावर राहण्याची पाळी, साधारण 45 सेकंदांची असते. कमी मिनिटे मिळणाऱ्या तरुणाला मिळालेली प्रत्येक शिफ्ट ताणून घ्यावीशी वाटते, त्यामुळे तो मिनिटभर थांबतो, पाय जड होतात, आणि नेमक्या त्याच वेळी पक त्याच्या बाजूला येतो. दुसऱ्या पिरियडमध्ये हा धोका वाढतो, कारण संघ बाजू बदलतात आणि आपले बेंच आपल्या बचावाच्या टोकापासून दूर जाते. पहिल्या पिरियडमध्ये चार पावलांवर असलेला बदली खेळाडू आता मध्यरेषेपलीकडे असतो, आणि दमलेले पाच जण आपल्याच भागात अडकून पडतात. पक बाहेर काढणारा स्पर्श मिळाला की पुढच्या हल्ल्याचा मोह सोडून थेट बेंचकडे वळावे. त्याच्या लाइनला पुढची संधी लवकर मिळण्याचा तोच मार्ग आहे. मागे धावतानाही अर्धवर्तुळ काढत वळणाऱ्यापेक्षा जागीच ब्रेक मारून उलट धावणारा खेळाडू प्रशिक्षकाला व्हिडिओत लगेच दिसतो.

खाली पाठवले म्हणजे नापास केले, असा अर्थ लावणे

या चुकीचे नुकसान सर्वांत मोठे असते. एखादा खेळाडू वरून खाली पाठवला जातो तेव्हा त्यामागे कधी त्याचा खेळ असतो, तर कधी नुसते गणित, आणि या दोन्हींवर उपाय वेगवेगळे असतात.

गणित असे आहे. अनुभवी खेळाडूला एएचएलमध्ये पाठवायचे तर त्याला आधी वेव्हर्सवर ठेवावे लागते आणि 24 तासांत इतर कोणताही संघ त्याला उचलू शकतो. तरुण खेळाडूंना मात्र ठरावीक काळ यातून सूट असते: विसाव्या वर्षी करार केलेल्या स्केटरला (गोलरक्षक नसलेल्या खेळाडूला) तीन हंगाम किंवा एनएचएलचे 160 सामने, एकविसाव्या वर्षी करार केलेल्याला तीन हंगाम किंवा 80 सामने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत. म्हणजे कोणी जखमी खेळाडू बरा होऊन परतला आणि 23 ची मर्यादा भरली, तर व्यवस्थापन सूट असलेल्या मुलालाच खाली धाडते, मग तो तेराव्या फॉरवर्डपेक्षा चांगला खेळत असला तरी. कारण तो तेरावा फॉरवर्ड वेव्हर्सवर गमावण्याचा धोका त्यांना नको असतो. ॲबट्सफर्डसारखे गाव व्हँकुव्हरपासून गाडीने तासाभरावर असेल, तर ही ये-जा आणखी सहज होते.

अठरा-एकोणीस वर्षांच्यांसाठी आणखी एक हिशेब असतो. त्यांनी एनएचएलमध्ये दहापेक्षा कमी सामने खेळले तर तीन वर्षांच्या प्रवेश-कराराचे पहिले वर्ष मोजलेच जात नाही, ते पुढे सरकते. नवव्या सामन्यानंतर ज्युनियरमध्ये परत धाडलेल्या मुलाने हे समजून घेतले, तर रात्रीची झोप तरी लागेल.

म्हणून खाली जाताना महाव्यवस्थापकाला एकच नेमका प्रश्न विचारावा: परत येण्यासाठी खेळातली कोणती गोष्ट बदललेली तुम्हाला दिसायला हवी? उत्तरात भिंतीलगतचा पक, फेसऑफ, वेग असे काही ठोस आले तर कारण खेळात आहे. ‘तू उत्तम चाललास, असेच चालू ठेव’ एवढेच आले तर बहुधा कारण गणितात आहे, आणि अशा वेळी खेळ बदलायला जाणे हाच घात ठरतो. पिट्सबर्ग पेंग्विन्सच्या जेक गेंट्झेलने 21 नोव्हेंबर 2016 रोजी पदार्पणाच्या सामन्यात पहिल्याच शिफ्टमध्ये, पहिल्याच शॉटवर गोल केला आणि त्याच सामन्यात दुसराही केला. तरी थोड्याच सामन्यांनंतर त्याला विल्क्स-बॅरीला, पिट्सबर्गच्या एएचएल संघात, परतावे लागले. तो ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेला होता, तक्रार करायला त्याच्याकडे सबळ कारण होते. त्याने खाली त्या हंगामात 33 सामन्यांत 42 गुण केले, जानेवारीत तो परत वर आला, आणि वसंतात प्लेऑफमध्ये 13 गोल करून त्याने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकणाऱ्या संघात आपला वाटा उचलला.

उणीव झाकण्यासाठी वजन वाढवणे

‘अंगाने कमी पडतोस’ हे ऐकून उन्हाळाभर वजन वाढवणारे आणि सप्टेंबरात पहिल्या तीन पावलांचा वेग हरवून बसलेले फॉरवर्ड दरवर्षी दिसतात. उणीव नेमकी कोणती, हे आधी ठरवावे. डॅलस स्टार्सच्या जेसन रॉबर्टसनला 2017 मध्ये 39 व्या क्रमांकापर्यंत वाट पाहावी लागली, त्याचे मोठे कारण त्याचे स्केटिंग होते. तो 2019-20 चा हंगाम बहुतांशी टेक्सास स्टार्सकडून एएचएलमध्ये खेळला, आणि मोठ्यांच्या वेगाची सवय होईपर्यंत संघाने त्याला घाईने वर ओढले नाही. पुढच्या हंगामात 51 सामन्यांत 45 गुण करून तो वर स्थिरावला, आणि 2022-23 मध्ये 109 गुणांसह त्याने संघ डॅलसला आल्यापासूनचा एका हंगामातील विक्रम केला. तो आजही संघातला सर्वांत वेगवान खेळाडू नाही. पुढे काय होणार हे आधी ओळखून योग्य जागी पोहोचण्यावर त्याचा भर असतो.

सप्टेंबरच्या गोलांवर हुरळून जाणे

हंगामपूर्व सामन्यांत समोरच्या संघातले निम्मे अनुभवी खेळाडू घरी बसलेले असतात. तिथे केलेले चार गोल ऑक्टोबरमध्ये कोणी विचारत नाही. त्याच सामन्यांत दिलेल्या निष्काळजी पेनल्टी मात्र प्रशिक्षकाच्या वहीत राहतात.

गॅलरीत बसवल्यावर कुढत राहणे

तंदुरुस्त असूनही सामन्यातून वगळले जाणे प्रत्येक नवख्याच्या नशिबी येते. त्या संध्याकाळी खेळाडू, आणि बरेचदा त्याचे आईवडील व एजंट, ‘ट्रेड (दुसऱ्या संघात बदली) मागावी का’ या चर्चेत गुंततात. कॅनडात वाढणाऱ्या मुलांच्या मराठी पालकांनाही एवढेच सांगता येईल की प्रशिक्षकाला फोन करू नये. व्यावसायिक हॉकीत तो फोन मुलाच्या खात्यात जमा होत नाही. त्याऐवजी वरून आपल्या जागी खेळणाऱ्या विंगरकडे पाहावे, तो पक नसताना कुठे उभा राहतो हे टिपावे, आणि दुसऱ्या दिवशीच्या सरावात तेच करून दाखवावे.

शेन राइटच्या वाट्याला हे सर्व आले. 2022 च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला जाईल असे बहुतेकांना वाटत होते. सिॲटल क्रॅकनने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले. पहिल्या हंगामात तो वर आठ सामने खेळला, एएचएलमध्ये पाच सामन्यांत चार गोल करून आला, कॅनडाचा कर्णधार म्हणून ज्युनियर विश्वस्पर्धेचे सुवर्ण जिंकला आणि उरलेला हंगाम ज्युनियर लीगमध्ये विंडसरकडून खेळला. पुढचा हंगाम बहुतांशी कोचेला व्हॅलीत, सिॲटलच्या एएचएल संघात, गेला, तिथे 59 सामन्यांत त्याचे 22 गोल झाले. 2024-25 मध्ये तो अखेर वर राहिला. तेव्हाही नोव्हेंबरात प्रशिक्षक डॅन बायल्स्मा यांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो कोचेला व्हॅलीत खेळला होता त्यांनीच, त्याला सलग तीन सामने बाहेर बसवले. परतल्यावर त्याचा एकही सामना चुकला नाही आणि 79 सामन्यांत 19 गोल व 44 गुणांवर त्याचा हंगाम संपला.