सोलापूरच्या उन्हात अंगणातली बाग कशी उभी करावी

बाग म्हटलं की आधी हिरवळ आठवते. सोलापुरात ती कल्पना कागदावरच सोडून द्यावी. मे महिन्यात उघड्यावरची हिरवळ रोज सात-आठ मिलिमीटर पाणी ओढते. २० बाय १२ फुटांच्या अंगणात हिरवळ लावली तर रोज दीडशे लिटरच्या पुढे पाणी लागेल, आणि नळाला दिवसाआड तरी पाणी येईल याची इथे कोणी हमी देत नाही. एवढं करून ती जूनपर्यंत पिवळीच पडते.

इथे शोभते आणि टिकते ती सावलीतल्या अंगणाची बाग: मधे फरशी, डोक्यावर वेलीचा मांडव, कडेला एखादा अरुंद वाफा, तुळशीवृंदावन, थोडं पाणी आणि दिवेलागणीला मोगऱ्याचा वास. ती उभी करायचा क्रम मात्र नेहमीच्या उलटा ठेवावा. आधी सावली, मग जमीन, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी नर्सरी. बहुतेक जण पहिल्याच रविवारी वीस रोपं घेऊन येतात, तिथेच घोळ होतो.

हिशेबासाठी जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या प्लॉटवर असतं तसं, घरासमोरचं पश्चिमेकडे उघडणारं २० बाय १२ फुटांचं अंगण धरू. समोर पाच फुटी कंपाउंड, त्याच्या एका टोकाला तीन फुटी फाटक.

ऊन कुठून येतं ते आधी बघा

चौकटीच्या वहीत एक चौकोन म्हणजे एक फूट धरून अंगण काढा. सकाळी ९, दुपारी १ आणि ४ वाजता सावली कुठे पडते ते त्यावर खुणा करून ठेवा. एकाच दिवसाच्या निरीक्षणावर विसंबू नका. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारचा सूर्य नेमका डोक्यावर असतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे कलतो. म्हणून हिवाळ्यात गार वाटणारी घराची उत्तर बाजू जूनमध्ये चांगली तापते. तिथे डिसेंबरात हौसेने लावलेले नेचे मे-जूनमध्ये करपतात ते यामुळेच. उलट डिसेंबरात दक्षिणेच्या पाच फुटी भिंतीची भर दुपारची सावली साडेचार फुटांच्या आसपास लांब पडते. त्या पट्ट्यात झेंडू-शेवंतीला फुलं कमी येतात.

आपल्या अंगणात कंपाउंडच्या आतल्या बाजूला सकाळचं ऊन मिळतं, आणि दुपारी तीननंतर भिंतीचीच सावली येते. फुलझाडांना याहून चांगली जागा नाही. वाफा तिथेच घ्या, १७ फूट लांब आणि ३ फूट रुंद. तीन फुटांपेक्षा रुंद केला तर एका बाजूने हात पोचत नाही, मग तण काढायला वाफ्यात पाय पडतो आणि काळी माती दगडासारखी दबते. घराची पश्चिमेची भिंत मात्र संध्याकाळपर्यंत भाजते, म्हणून मांडव त्या भिंतीला लागून हवा.

फरशी

मांडवाखाली १० बाय ९ फुटांची शहाबादी फरशी बसवा. शहाबाद इथून फार लांब नाही, माल सहज मिळतो आणि सिमेंटच्या ब्लॉकपेक्षा जुन्या अंगणाशी जास्त जुळतो. उघड्या उन्हात मात्र ती पायाला चटके देते, म्हणून ती सावलीतच घालायची.

काळ्या मातीवर थेट बसवलेली फरशी दोन पावसाळ्यांत वर-खाली होते. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे ९ इंच माती खणून काढा. त्यात ६ इंच मुरूम दोन थरांत टाका. प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोका. वर २ इंच कच (खडीचा बारीक चुरा) पसरा आणि त्यावर इंचभर जाडीची फरशी. ९० चौरस फुटांना ठोकून दबल्यावर ४५ घनफूट मुरूम लागतो, पण सैल माल दबतो, म्हणून ५५ ते ६० घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासहून (ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडा जास्त सांगा. कच २० घनफूट पुरते.

उतार घराकडून वाफ्याकडे द्या, दर पाच फुटांना एक इंच. गवंडी सवयीने उतार फाटकाकडे काढतो आणि पावसाचं पाणी रस्त्यावर जातं. दोरी आणि लेव्हल पाइप लावून स्वतः बघा. दोन फरशांमधे अर्धा इंच फट ठेवून त्यात कचच भरा, सिमेंट नको. पाणी मुरतं आणि एखादी फरशी दबली तर उचलून पुन्हा बसवता येते.

काढलेली माती फेकू नका, वाफ्याला लागेल.

मांडव

खांबांना दोन इंची आणि आडव्यांना दीड इंची जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप घ्या. उंची आठ फूट ठेवा. याहून बुटका केला तर वेल लोंबायला लागल्यावर डोक्याला लागते आणि खाली हवा कोंडते. बाहेरच्या दोन खांबांसाठी दीड बाय दीड फुटाचे खड्डे घ्या. दोन फूट खोली ही किमान आहे. काळी माती त्याहून खोल असेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जा, नाहीतर खांब हळूहळू कलतो. भिंतीकडचं टोक अँगलवर बोल्टने बसवा. मधे दर दीड फुटावर तार ओढा.

वेलीसाठी आमचं पहिलं मत मधुमालतीला. ऊन, कमी पाणी, क्षारांचं पाणी, सगळं सोसते. प्रत्येक बाहेरच्या खांबाशी एक वेल पुरते, दुसऱ्या पावसाळ्यानंतर मांडव भरतो. पावसाळा संपला की दरवर्षी तिची निम्मी वाढ कापायला लागते, नाहीतर वर जाळं होऊन खालचा भाग वाळक्या काड्यांचा राहतो. ज्यांना नाजूक हवं त्यांनी जुई लावावी, पण तिला मांडव भरायला जास्त वेळ लागतो. बोगनवेल मांडवावर नको. काटे आहेत आणि खाली लोक बसणार आहेत. तिला फाटकावर चढवा.

पहिली दोन वर्षं वरून ५० टक्क्यांची शेडनेट लावा. ती हुकांना अडकवा, कायमची बांधू नका. वळवाच्या वाऱ्यात घट्ट ताणलेली नेट फाटते, कधी पाइपही वाकवते. ढग दिसले की काढता यायला हवी.

मांडव वरचं ऊन अडवतो, चारनंतरचं तिरपं ऊन मात्र त्याच्याखालून थेट भिंतीवर येतं. त्यासाठी बाहेरच्या आडव्या पाइपवरून वाळ्याचा पडदा सोडा, जमिनीपासून तीन फूट वर संपणारा. त्यावर पाणी शिंपडलं की वारा गार आणि सुगंधी येतो. जून लागला की तो गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, दमट हवेत त्याला बुरशी येते.

माती

इथल्या मातीत चुनखडी भरपूर असते. त्यामुळे मातीत लोह असलं तरी झाडाला ते घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की समजा लोहाची कमतरता आहे. जास्वंद आणि मोगऱ्यावर हे हमखास दिसतं. लोक पाणी कमी पडलं असं समजून आणखी ओततात आणि त्रास वाढतो. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम फेरस सल्फेट आणि अर्धं लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. हायड्रेंजिया, अझेलियासारखी आम्ल मातीची झाडं इथे जमिनीत लावूच नका. नर्सरीत ती बाहेरून आणलेल्या मिश्रणात तजेलदार दिसतात, घरी महिनाभरात मान टाकतात.

वाफ्यासाठी जुनी काळी माती चार घमेली, कुजलेलं शेणखत तीन, बारीक मुरूम किंवा जाड वाळू दोन आणि मूठभर निंबोळी पेंड, या प्रमाणात कालवा. वाफा फरशीपेक्षा सहा इंच उंच घ्या, कडेला विटा किंवा दगड लावा. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) मिळाली तर उत्तम, पण वर्षभर कुजलेलीच. ताजी मळी तापते आणि मुळं जाळते.

मोठ्या झाडाच्या खड्ड्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. काळ्या मातीत दोन फुटांचा गुळगुळीत खड्डा करून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं की तो खड्डा हौद बनतो. आजूबाजूची माती पाणी घेत नाही आणि सगळं पाणी मुळाशी साठतं. सोलापूरचा सगळ्यात जोराचा पाऊस सप्टेंबरात येतो, आणि जूनमध्ये लावलेली रोपं तेव्हाच कुजतात. म्हणून खड्ड्याच्या बाजू पहारीने फोडून खडबडीत करा, तळाला मुरूम लागेपर्यंत भोक पाडा, भरताना निम्मी मूळ मातीच वापरा आणि रोप जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंचवट्यावर लावा.

पाणी

वर सांगितलेल्या वाफ्याला, अर्धवट सावली धरून, मे महिन्यात रोज २५ लिटर पाणी पुरतं. १६ मिलिमीटरच्या दोन ठिबक नळ्या टाका, दीड फुटावर एक याप्रमाणे तासाला दोन लिटरचे एकूण २४ ड्रिपर बसतात. कागदावर अर्ध्या तासात काम होतं. पण हे माप पूर्ण दाबाचं असतं. एकमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतून दाब निम्म्याहूनही कमी मिळतो, त्यामुळे प्रत्यक्षात पाऊण तास लागतो. एका ड्रिपरखाली पंधरा मिनिटं वाटी ठेवून मोजा आणि वेळ ठरवा. दाब सांभाळणारे महागडे ड्रिपर टाकीच्या पाण्यावर नीट चालत नाहीत, साधेच घ्या. सुरुवातीला जाळीचा फिल्टर हवाच. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार जमतो, महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये तासभर भिजवा.

एसीचं पाणी कुंड्यांना द्या, त्यात क्षार नसतात. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र बागेला नको, फरशी धुवायला वापरा.

मातीवर तीन इंच आच्छादन घाला. उसाचं पाचट इथे सहज मिळतं, पण अंगणात शेंगांची टरफलं जास्त सुबक दिसतात आणि वाऱ्याने उडत नाहीत. आच्छादन खोडापासून चार इंच लांब ठेवा आणि त्याखाली निंबोळी पेंड टाका, नाहीतर वाळवी आलीच.

छताचं पाणी सोडून देऊ नका. ५०० चौरस फूट गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पन्हळीचा पाइप टाकीकडे वळवा, पहिल्या पावसाचं पाणी तेवढं बाहेर जाऊ द्या. जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरावर मात्र कुंड्या ठेवायचा विचारही करू नका, ओल आणि वजन दोन्ही त्या छताला झेपत नाही.

आता झाडं

मांडवाच्या एका बाजूला पाच बाय नऊ फुटांची जागा उरते. तिथे एकच झाड लावा. देवचाफा आम्हाला सगळ्यात बरा वाटतो: थंडीत पानं गाळून ऊन आत येऊ देतो आणि मुळं भिंत फोडत नाहीत. फांदी कापून आठवडाभर सावलीत सुकवूनच लावा, ओल्या कापाची फांदी कुजते. फळ हवं असेल तर डाळिंब. सोलापूर डाळिंबाचा जिल्हा आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच केगावला आहे. तीन-चार खोडं ठेवून बाकीचे फुटवे काढा. फळं तडकतात ती बहुतेकदा पाण्याच्या लहरीपणामुळे, आठ दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिल्याने. पिंपळ, उंबर, रबर ही झाडं कंपाउंडजवळ नकोत.

दुसऱ्या बाजूला फाटकातून येणारी तीन फुटी वाट ठेवा आणि तिच्या शेवटी, दारातून सरळ दिसेल असं तुळशीवृंदावन. शेजारी जुनी दगडी डोण (पाण्याचं कुंड) मिळाली तर ठेवा, नाहीतर दोन फुटी सिमेंटचं टब. तळाशी सहा इंच काळी माती, वर इंचभर वाळू, त्यात कुमुदाचा एक कंद आणि पाण्यात पाच-सहा गप्पी मासे, म्हणजे डास होत नाहीत. कुमुदाला निदान पाच तास ऊन लागतं.

वाफ्यात मागे कण्हेर, मधे मोगरा आणि कुंद, पुढे निशिगंध आणि मोसमी फुलं. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर ती लावू नका. रातराणी एकच, आणि खिडकीपासून लांब. भिंतीशी सोळा इंच उंच, दीड फूट रुंद दगडी कट्टा बांधला की बसायची सोय होते, खुर्च्या लागत नाहीत.

मोगरा फुलत नाही ही तक्रार फार ऐकू येते. डिसेंबरअखेर पंधरा दिवस पाणी तोडा, जानेवारीत गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा संपता संपता झाड दीड फुटावर छाटा, उरलेली पानं ओरबाडून काढा, मुळाशी दोन मुठी शेणखत घालून पाणी सुरू करा. मार्चमध्ये कळ्या लागतात. बारमाही भरपूर पाणी दिलेला मोगरा नुसती पानं वाढवतो.

कधी काय

फरशी आणि मांडव मार्च-एप्रिलमध्ये उरका, रोपं पहिला दमदार पाऊस झाल्यावर. ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप हमखास असते, तेव्हा ठिबक बंद ठेवून बसू नका. जून हुकला तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा दुसरा मोका, आणि आमच्या मते नवख्यासाठी तोच जास्त सोपा. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर रोप जुलैअखेरपर्यंत वाफ्यात गेलं पाहिजे. शेवंती, पिटुनिया ऑक्टोबरमध्ये. मार्चनंतर पाऊस येईपर्यंत नवीन काही लावू नका, नर्सरीवाल्याने कितीही गळ घातली तरी.