घरी बनवलेल्या ऑडिओ डॅकचं सर्किट कसं सुधारावं

डॅक म्हणजे डिजिटल ऑडिओचा अ‍ॅनालॉग सिग्नल बनवणारं सर्किट. त्याचा आवाज खटकला की पहिला हात ऑपअँपवर (सिग्नल पुढे देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायर चिपवर) जातो. खरं तर ऑपअँपचा नंबर शेवटचा. दोष बहुधा सप्लाय, ग्राउंड किंवा क्लॉकमध्ये (वेळेचे ठोके देणाऱ्या सिग्नलमध्ये) असतो. इथे पीसीएम५१०२ए ही डॅक चिप धरली आहे. दुसऱ्या चिपला पिनांची नावं बदलतील, क्रम हाच राहील.

१. आधी मोजा. १ किलोहर्ट्झची साइन −६० डेसिबल पातळीवर वाजवा, साउंड कार्डच्या लाइन-इनवर घ्या आणि स्पेक्ट्रमचा आलेख जपून ठेवा. आता डॅक आणि स्रोत दोन्ही पॉवर बँकेवर चालवा. गुणगुण गेली तर दोष अ‍ॅडॅप्टरचा किंवा ग्राउंड लूपचा (दोन उपकरणांचे ग्राउंड दोन वाटांनी जोडले गेल्याचा) आहे, चिपचा नाही. यापुढे एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी पुन्हा मोजा.

२. सप्लाय वेगळा करा. सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. चिपमधला चार्ज पंप (ऋण व्होल्टेज बनवणारा भाग) झटक्याझटक्याने करंट ओढतो. सीपीव्हीडीडी (चार्ज पंपाची सप्लाय पिन) आणि एव्हीडीडी (अ‍ॅनालॉग भागाची सप्लाय पिन) एकाच लांब ट्रॅकवर असतील तर ते झटके थेट आवाजात उतरतात. एव्हीडीडीला स्वतंत्र ३.३ व्होल्टचा कमी नॉइजचा रेग्युलेटर द्या. एलपी५९०७ चालेल: ५ व्होल्ट इनपुट, इनपुटला आणि आउटपुटला प्रत्येकी १ मायक्रोफॅरड सिरॅमिक. प्रत्येक सप्लाय पिनला ०.१ मायक्रोफॅरड एक्स७आर (सिरॅमिकचा एक प्रकार) कपॅसिटर २-३ मिलिमीटरच्या आत हवा. तोच कपॅसिटर लांब वायरीने जोडला तर वायरीचं इंडक्टन्स त्याचं काम खाऊन टाकतं.

३. ग्राउंड फाडू नका. डिजिटल आणि अ‍ॅनालॉग ग्राउंड वेगळे तोडून मध्ये बारीक पूल ठेवण्याची सवय सोडा. पुलावरून न जाता फाटीवरून ट्रॅक गेला की परतीचा करंट लांबून वळसा घेतो. अखंड ग्राउंड प्लेन ठेवा, फक्त भाग दूर मांडा.

४. क्लॉक. एससीके पिन (मुख्य क्लॉकची) ग्राउंडला जोडली की चिप बीसीकेवरून (ऑडिओच्या बिट क्लॉकवरून) आतल्या पीएलएलने (एका क्लॉकवरून दुसरा बनवणाऱ्या सर्किटने) क्लॉक बनवते. तयार मॉड्यूलवर हा जोड सुटा असला तर पिन लोंबकळते आणि सरसर किंवा खुटखुट ऐकू येते. सोल्डरचा एक थेंब पुरे. बाहेरून क्लॉक द्यायचा तर ४४.१ किलोहर्ट्झला २२.५७९२ आणि ४८ ला २४.५७६ मेगाहर्ट्झ. मात्र स्रोतही त्याच क्लॉकवर चालला पाहिजे. एससीकेला नुसता वेगळा ऑसिलेटर लटकवला तर दोन्ही घड्याळं एकमेकांपासून सरकतात आणि आवाज तुटतो. आयटूएसच्या (स्रोताकडून डॅककडे डिजिटल ऑडिओ नेणाऱ्या जोडणीच्या) तिन्ही तारांना स्रोताच्या टोकाशी २२ ते ३३ ओहम सिरीजमध्ये टाका, तारा १० सेंटिमीटरच्या आत ठेवा.

५. आउटपुट. प्रत्येक चॅनलला सिरीजमध्ये ४७० ओहम आणि ग्राउंडकडे २.२ नॅनोफॅरड. हा कपॅसिटर सीझिरोजी (स्थिर क्षमतेचा सिरॅमिक) किंवा फिल्म घ्या. एक्स७आरची क्षमता व्होल्टेजबरोबर बदलते आणि डिस्टॉर्शन वाढतं. या चिपचा आउटपुट शून्याभोवतीच फिरतो, त्यामुळे कपलिंगचा (डीसी अडवणारा) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लागत नाही. काढण्याआधी मल्टिमीटरने डीसी तपासा. काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत.

६. आणि मग ऑपअँप. एनई५५३२ काढून वेगवान ऑपअँप बसवला आणि पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरड नसला, तर तो मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट होऊ शकतो. कानाला फक्त आवाज ‘कडक’ वाटतो. सिग्नल नसताना चिप नेहमीपेक्षा गरम लागली की संशय घ्या. केबलसाठी आउटपुटला सिरीजमध्ये १०० ओहम टाका.