पावसाळ्याआधी सौर घड्याळाची तयारी

मे संपत आला की छत्री, रेनकोट माळ्यावरून खाली येतात. त्याच दिवशी मी मनगटावरचं सौर घड्याळही तपासायला घेते. पुण्यात जून ते सप्टेंबर ऊन बेताचंच, आणि जे पडतं ते रेनकोटच्या बाहीवर. एरवीही स्कूटरवर सनकोट आणि लांब हातमोजे, ऑफिसात पूर्ण बाह्या. उजेड घड्याळापर्यंत पोचतोच कुठे? बाबांचं इको-ड्राइव्ह, म्हणजे सिटिझन कंपनीचं उजेडावर चार्ज होणारं घड्याळ, मी वापरायला लागले आणि पहिल्याच ऑगस्टमध्ये ते थांबलं. पेठेतल्या एका दुकानात ‘सेल गेला’ म्हणून त्यात साधा सेल घालायला निघाले होते. सुदैवाने मी तसंच परत आणलं. तीन-चार दिवस खिडकीत ठेवल्यावर ते चालू झालं, आजही चालतं आहे.

म्हणून सगळ्यात आधी सेकंदकाट्याकडे मिनिटभर नीट बघा. तो दोन-दोन सेकंदांची उडी मारत असेल तर सिटिझनच्या घड्याळात त्याचा अर्थ चार्ज कमी आहे, बिघाड नाही. अंकांच्या कॅसिओत चार्जची पातळी पडद्यावरच दिसते. काटा पूर्ण थांबला असेल तर किल्ली बाहेर ओढलेली राहिली नाही ना, तेही बघा. पट्टा घालताना ती सहज निघते. पडदा कोरा दिसला तरी घाबरू नका. बऱ्याच मॉडेलांत रात्री अंधारात तासभर राहिल्यावर वीज वाचवण्यासाठी तो आपोआप झोपतो आणि उजेडात किंवा बटण दाबल्यावर जागा होतो.

मग काच पुसा. सिटिझनने १९७६ साली प्रकाशावर चालणारं काट्यांचं घड्याळ बाजारात आणलं, तेव्हा सौरपट्ट्या तबकडीवर उघड दिसायच्या. आता त्या तबकडीखाली असतात आणि उजेड तबकडीतून झिरपून खाली जातो. त्यामुळे काचेवर घामाचा, सनस्क्रीनचा थर बसला की तेवढा उजेड कमी होतो. मऊ सुती कापड पुरेसं आहे.

चार्जिंगसाठी सकाळी सात ते नऊचं ऊन मला सर्वांत योग्य वाटतं. घड्याळाचा पट्टा एखाद्या कपाला गुंडाळून तबकडी सूर्याकडे करा, आडवं टाकू नका. दुपारी मात्र गच्चीचा पत्रा, काळी फरशी आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड कटाक्षाने टाळा. साठ अंशांवर घड्याळ तापणं सेलला आणि आतल्या भागांना घातक, आणि पुण्याच्या मे महिन्यात बंद गाडीतला डॅशबोर्ड तिथवर सहज पोचतो. हात लावून चटका बसत असेल तर लगेच सावलीत घ्या. पिवळ्या बल्बच्या अगदी जवळ ठेवणंही नको.

किती वेळ लागतो, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. कॅसिओच्या अनेक मॉडेलांना एका दिवसाच्या साध्या वापराइतकी वीज मिळवायला उघड्यावरच्या ५०,००० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उन्हात सुमारे ५ मिनिटं लागतात, खिडकीतल्या १०,००० लक्स उन्हात २४ मिनिटं, ढगाळ दिवशी खिडकीत ५,००० लक्सला ४८ मिनिटं आणि ५०० लक्सच्या ट्यूबलाइटखाली चक्क ८ तास. ही झाली रोजची शिदोरी. पूर्ण रिकामं झालेलं घड्याळ भरायचं तर काही दिवस द्यावे लागतात, आणि ट्यूबखाली तर फारच. म्हणूनच पावसाआधीचं ऊन वाया घालवायचं नाही.

चालू झाल्यावर वेळ नव्याने लावा. वेळ लावेपर्यंत सिटिझनचा काटा विचित्र लयीत चालतो, तो त्याचा इशारा असतो. रेडिओ संदेशावर वेळ जुळवणारं घड्याळ असेल तर इथे त्याची वाट बघू नका. हे संदेश पाठवणारी केंद्रं जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत आहेत. पुण्यात वेळ हातानेच किंवा फोनला जोडून लावायची. क्वार्ट्झ यंत्र महिन्याला १५ सेकंद इकडेतिकडे करू शकतं, तेव्हा महिन्यातून एकदा पुरे. वेळ त्याहून जास्त चुकत असेल तर ते पर्सच्या चुंबकी बटणाजवळ किंवा फोनच्या कव्हरवर ठेवता का, हे आधी तपासा.

इतकं करून आठवडाभर ऊन देऊनही चार्ज टिकत नसेल, तर आतला रिचार्जेबल सेल थकलेला असू शकतो. वर्षानुवर्षं कपाटात अंधारात पडून राहिलेल्या घड्याळाचं हेच होतं. तो अधिकृत सेवाकेंद्रातच बदलून घ्या. दुकानदाराला आधीच सांगा की साधा सिल्व्हर ऑक्साइड सेल चालणार नाही. तो चार्ज होण्यासाठी बनलेला नसतो, गळू किंवा फुटू शकतो. झाकण उघडलंच आहे तर रबरी रिंगही नवी बसवा, नाहीतर पहिल्याच सरीत काचेच्या आत वाफ धरेल.

जूनपासून रात्री ड्रॉवर बंद. घड्याळ खिडकीच्या कट्ट्यावर, पावसाची झड लागणार नाही अशा बाजूला, तबकडी वर करून.