पावसाळ्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसांची हाडं कशी सांभाळायची

आमच्या खानापूर भागात मिरगापासून गणपतीपर्यंत ऊन बघायला मिळत नाही, आई चार महिने सोप्यातच बसून. मागच्या गौरीला बघितलं तर जमिनीवरून उठताना मांडीवर हात रेटून, मग चौकट धरून उठालती. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलेलं, पण रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी 11 (रिपोर्टवर ng/ml लिहिलेलं असतं ते माप), आणि 20 च्या खाली म्हणजे कमतरताच की ओ.

रक्तातलं डी दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं, ऊन नसलं की भर पडत नाही, म्हणून पावसाळा संपता संपता ते सगळ्यात खाली गेलेलं असतं. तपासायचं तर तेव्हाच तपासा. टेस्टचं नाव 25 हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी.

उन्हाचं मात्र नीट ऐका. सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं पण त्यात डी फारसं होत नाही. सोपी खूण म्हणजे सावली, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते ऊन कामाचं. मे महिन्यात हे साडेनवालाच होतं त्यामुळे दुपारी तापत बसायची गरज नाही, डिसेंबरात मात्र 11 ते 2 च्या मधेच. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, स्वेटर शाल काढून हात-पाय उघडे ठेवून अंगणात बसवा, पंधरा-वीस मिनिटं, चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच आत. म्हातारपणी कातडी डी कमी तयार करते म्हणून नुसत्या उन्हावर भागेलच असं नाही.

मग डॉक्टर 60,000 युनिटची पुडी देतात, बहुतेक आठवड्याला एक, आठ आठवडे. जेवण झाल्यावर दुधातून द्या. आणि हात जोडून सांगतो, ती रोजची गोळी समजून देऊ नका, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या होतात, किडनीवर येतं. मुतखडा असेल तर आधीच सांगा. आम्ही कॅलेंडरवर दर रविवारी गोल करून ठेवलेला.

नाचण्याची आंबील चालू ठेवा, 100 ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण डी नसतं, आणि डी कमी असेल तर ते कॅल्शियम अंगाला नीट लागत नाही.

आणि खुबा मोडतो तो पडल्यावर. परड्यातल्या फरशीवरचं शेवाळ ब्रशनं घासून काढा, न्हाणीत धरायला दांडा बसवा, रात्री संडासच्या वाटेवर एक बल्ब चालूच ठेवा.